‘बीपी लो झाला’ म्हणजे नेमके काय झाले?



गेल्या खेपेस आपण बियाण्याची उगवणशक्ती गोणपाटावर घरच्या घरी कशी तपासावी ते पाहिले. या खेपेस शेत सोडून थोडे घरात यावे म्हणतो. उन्हाळी भुईमुगाची काढणी सुरू झाली की फिरतीच्या गावांतून एक वाक्य हमखास कानावर पडते. ‘‘आज ती आली नाही, तिचा बीपी लो झालाय.’’ दुसऱ्या दिवशी बाई कामावर येते, मनगटाच्या वर कापसाचा बोळा चिकटवलेला असतो आणि सांगते, ‘‘बाटली लावली दोन, आता बरंय.’’ दोन बाटल्यांचे पैसे म्हणजे तिची दोन-तीन दिवसांची मजुरी. ती कशापायी गेली, हे तिला कोणी सांगितलेले नसते, आणि तीही विचारत नाही.

मी डॉक्टर नव्हे, शेतीचा पदवीधर आहे. तेव्हा औषधाचे नाव आणि मात्रा माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. पण दाब म्हणजे काय, तो का पडतो आणि कोणाचा पडला तर घाई करायची, एवढे समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही. ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला तर ते अर्धे ठाऊकच आहे.

ठिबकाच्या शेवटच्या नळीला पाणी पोचेनासे झाले की तुम्ही काय पाहता? आधी विहीर पाहता, पाणी खाली गेले का. मग मोटर पाहता, ती पुरेशी ओढते का. मग पाइप पाहता, कुठे फुटला आहे का, की एकाच वेळी फार वॉल्व्ह उघडे राहिले आहेत. शरीरात हृदय ही मोटर, रक्तवाहिन्या हे पाइप आणि रक्त हे पाणी. दाब कमी होण्याची कारणे तीच : शरीरातले पाणी किंवा रक्त कमी झाले, हृदय कमजोर पडले, अथवा रक्तवाहिन्या सैल होऊन रुंदावल्या. कारण तीनपैकी कोणते, यावर उपाय ठरतो. विहीर आटली असताना मोटर बदलणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

चौथी गोष्ट चढाची. रक्तदाबाचा १२० हा आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरचा आहे. त्याचे पाण्यात रूपांतर केले तर पाण्याचा साधारण ५ फूट ४ इंच उंच स्तंभ होतो. ९० म्हणजे ४ फूट. आपले डोके हृदयाच्या वर फूटभर असते. माणूस उभा राहिला की तेवढ्या चढाने मेंदूकडचा दाब २०-२२ ने उतरतो, शिवाय अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पोटात आणि पायांत उतरते. निरोगी शरीर काही क्षणांत वाहिन्या आवळून आणि हृदयाची गती वाढवून ही तूट भरून काढते. ज्याचे शरीर ती भरू शकत नाही त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवे केले की चढच उरत नाही आणि माणूस शुद्धीवर येतो. चक्कर आलेल्या माणसाला काखेत हात घालून उभे करणारे लोक पाहिले की म्हणूनच माझा जीव खालीवर होतो.

आता आकडा. वरचा ९० च्या खाली किंवा खालचा ६० च्या खाली गेला की सर्वसाधारणपणे रक्तदाब कमी म्हणतात. पण हा आकडा एकट्याने काही सांगत नाही. अंगकाठीने बारीक, कष्टाचे काम करणाऱ्या कितीतरी बायामाणसांचा दाब जन्मभर ९५-१०० च्या आसपास असतो आणि त्यांना काहीही त्रास नसतो. त्यांना औषध नको, टॉनिक नको, बाटली तर नकोच. उलट ज्याचा दाब नेहमी १५० असतो त्याचा एकाएकी १०० झाला आणि अंगाला गार घाम सुटला, तर आकडा ‘चांगला’ दिसत असूनही तो माणूस धोक्यात असू शकतो. म्हणून स्वतःचा नेहमीचा आकडा घरात लिहून ठेवलेला असावा. मोजतानाही पाच मिनिटे स्वस्थ बसून, दंड हृदयाच्या पातळीला टेकवून मोजावा. बारीक दंडाला मोठा पट्टा गुंडाळला तर दाब आहे त्यापेक्षा कमी दिसतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच बायांचे दंड काडीसारखे असतात.

आता एकेका माणसाकडे वळू, कारण पिवळ्या पडलेल्या प्रत्येक पिकाला युरिया टाकून चालत नाही.

प्रथम भुईमूग उपटणारी, खुरपणारी बाई. ती सकाळी सातला भाकरी बांधून निघते आणि संध्याकाळपर्यंत तांब्याभर पाणी पिते. कारण विचाराल तर पाणी नसते असे नाही. शेतात आडोसा नसतो, म्हणून ती पीतच नाही. हे उघडपणे कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहितो. उन्हात घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जाते, उष्णतेने कातडीच्या वाहिन्या रुंदावतात, त्यात दोन तास ओणवे बसून ती झटकन उठते. विहीर आटलेली, वॉल्व्ह उघडे आणि वर चढ. भोवळ यायची नाही तर काय होईल? बांधावर चार काठ्या रोवून आणि गोणपाट लावून आडोसा करायला मालकाचे अर्धा दिवसाचे काम आहे. तो केला की बायका पाणी पितात. दर अर्ध्या-पाऊण तासाने तहान नसली तरी पाणी, मध्ये मीठ घातलेले ताक, आणि उठताना आधी गुडघ्यावर हात टेकून चार श्वास, मग उभे राहणे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

याच बाईच्या बाबतीत दुसरी एक गल्लत होते. ‘रक्त कमी’ आणि ‘रक्तदाब कमी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बोलताना एक होतात. पांडुरोगात दाब पुष्कळदा ठीक असतो. कमी असते ते हिमोग्लोबिन. थकवा, धाप, चक्कर, फिकी जीभ, छातीत धडधड ही लक्षणे त्याचीच. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना पांडुरोग असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. म्हणजे बायका ज्याला ‘बीपी लो’ म्हणतात त्यातला मोठा वाटा रक्ताच्या कमतरतेचा असणार, असे माझे मत आहे. पाळीत अंगावरून फार जात असेल, एका पाळीत महिनाभराचे रक्त वाहून जात असेल, तर मीठ-पाण्याने ते भरून येत नाही. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे १२ च्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली असेल तर ते कमी. लोहाच्या गोळ्या तेथे मोफत मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी. शौचास काळी होते म्हणून ती टाकून देऊ नये. पण गोळी सुरू नसताना शौचास डांबरासारखी काळी, चिकट होत असेल तर आतड्यात किंवा जठरात रक्तस्राव असतो. सांधेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या नेऊन महिनोन्‌महिने खाणाऱ्यांना हे विशेषेकरून सांगतो. अशा माणसाला चक्कर आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गरोदर स्त्रीचा दाब पहिल्या महिन्यांपासून पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत थोडा उतरतो आणि शेवटी पुन्हा पूर्वपदावर येतो. हे नैसर्गिक आहे. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपले की गर्भाशयाचा भार पाठीमागच्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि जीव घाबरा होतो. डाव्या कुशीवर वळवले की बरे वाटते. मात्र घरच्या सासूबाईंना एक विनंती. गरोदर सुनेला चक्कर आली की ‘लोच असणार’ असे ठरवून मिठाचे पाणी पाजू नये. पाचव्या महिन्यानंतर दाब वाढण्याचा धोका त्याहून मोठा असतो. डोके दुखणे, डोळ्यांपुढे ठिपके, चेहऱ्यावर सूज असेल तर दाब मोजल्याशिवाय काही ठरवायचे नाही. पाळी चुकलेली आहे आणि ओटीपोटात दुखून घेरी आली, किंवा बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही, तर क्षणभरही थांबू नये. पोटातल्या पोटात होणारा रक्तस्राव बाहेरून दिसत नाही, फक्त बाई पांढरीफटक पडत जाते.

आता घरातले आबा. वय सत्तरी पार केलेले. त्यांच्या पिशवीत उच्च रक्तदाबाची गोळी आहे, लघवी जास्त होऊन सूज उतरण्याची गोळी आहे, आणि प्रोस्टेटमुळे अडखळणारी लघवी मोकळी व्हावी म्हणून तिसरी आहे. या तिन्ही दाब उतरवतात. तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिल्या आहेत आणि एकाने दुसऱ्याची चिठ्ठी पाहिलेली नाही. त्यात जुना मधुमेह असेल तर वाहिन्या आवळणाऱ्या नसाच मंदावलेल्या असतात. आबा रात्री दोनला लघवीला उठतात, अंधारात उंबऱ्याशी कोसळतात आणि खुब्याचे हाड मोडते. घरातले म्हणतात, पाय घसरला. माझ्या ओळखीच्या तीन घरांत हे असेच झाले आणि तिन्ही ठिकाणी फरशी कोरडी होती.

अशा माणसाचा दाब बसवून मोजला तर बरोबर येतो, कधी जास्तही येतो. खोड उभे राहण्यात असते. पाच मिनिटे आडवे निजवून मोजावा, मग उभे करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजावा. त्या वेळी शेजारी कोणी धरायला असावे. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. काही वृद्धांचा दाब पोटभर जेवणानंतर तासा-दोन तासांत उतरतो, कारण रक्त आतड्याकडे वळते. त्यांनी थोडे थोडे खावे आणि जेवून लगेच उन्हात निघू नये. रात्री उठताना आधी खाटेच्या काठावर बसावे, घोटे दहा-पंधरा वेळा वरखाली करावेत, मग उठावे. उशाशी लघवीचे भांडे ठेवण्यात कसलाही कमीपणा नाही.

पण येथे एक गोष्ट ठासून सांगतो. चक्कर येते म्हणून आबांची गोळी परस्पर बंद करू नये. ‘बीपी लो झाला होता, म्हणून गोळ्या सोडल्या’ असे म्हणणारा आणि नंतर अर्धांगाने खाटेवर पडलेला माणूस बहुतेक गावांत एखादा सापडेल. गोळी कमी करायची, तिची वेळ बदलायची की एक काढून दुसरी द्यायची, हे डॉक्टरांचे काम. उन्हाळ्यात, जुलाबात आणि उपवासाच्या दिवसांत मात्रा बदलावी लागते का, हे आधीच विचारून ठेवावे. नवरात्रात नऊ दिवस पाण्यावर राहून दाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या मात्र नेमाने घेणारी माणसे आहेत, आणि त्यांना चक्कर आली की देवीचा कोप शोधला जातो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला घाम सुटून भोवळ आली तर ती दाबाची नसून साखर उतरल्याची असू शकते. गिळता येत असेल तर आधी साखर किंवा गूळ तोंडात द्यावा.

आणखी एक प्रकार चोरपावलांनी येतो. सांधेदुखीवर ‘जडीबुटीची’ म्हणून पुडीतून मिळणारी पांढरी पावडर. काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. महिनोन्‌महिने ते घेतले की शरीर स्वतःचे असेच द्रव्य बनवणे थांबवते. मग पुडी एकदम बंद झाली, किंवा ताप-जुलाबाचा ताण आला, की दाब धडकन खाली येतो आणि जिवावर बेतते. अशी पुडी कोणी घेत असेल तर लाज न बाळगता ती डॉक्टरांपुढे ठेवावी.

लहान मुलाच्या जुलाब-उलटीत दाबाच्या यंत्राची वाट पाहू नये. मुलाचे शरीर शेवटपर्यंत दाब टिकवून धरते आणि मग एकदम सोडते. डोळे खोल गेले, रडताना आसवे येत नाहीत, लघवी थांबली, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश बसते, एवढे पुरे. मीठ-साखर-पाणी पाजत पाजतच दवाखान्याकडे निघावे. पुडा असेल तर त्यावर लिहिले आहे तितक्याच पाण्यात कालवावा. लिटरच्या पुड्याचा चमचा-चमचा पेल्यात टाकू नये. पुडा नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सपाट ६ छोटे चमचे आणि मीठ सपाट अर्धा छोटा चमचा. मीठ जास्त झाले तर अपाय होतो.

आता त्या बाटलीकडे येऊ. अर्ध्या लिटरच्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे एक छोटा चमचाही पुरता भरत नाही, आणि बाकी शुद्ध पाणी. ताकद नाही, जीवनसत्त्व नाही, रक्त तर नाहीच. ज्याला तोंडाने पिता येते आणि उलटी होत नाही त्याला तेच घरच्या तांब्यातून मिळते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, पटकीची साथ आली आणि सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांतून तोंडाने पाजायला लावले आणि हजारो माणसे वाचली. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. म्हणजे पटकीसारख्या रोगातही जे तोंडाने साधले, ते खुरपून दमलेल्या बाईला सुईनेच का द्यायचे? बाटली हवी ती बेशुद्धाला, उलट्या थांबत नाहीत त्याला, फार रक्त गेलेल्याला. उलट हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या वृद्धाला भराभर बाटल्या चढवल्या तर पाणी फुप्फुसात साठून श्वास कोंडतो. पुढच्या वेळी बाटलीचे नाव निघाले की एवढेच विचारा : ‘‘डॉक्टर, हिचा दाब किती भरला आणि कशाने उतरला?’’

फवारणी करणाऱ्याची गोष्ट सर्वांत निराळी. पाठीवर पंप घेऊन कपाशीत फिरणाऱ्या गड्याला चक्कर आली की ‘ऊन लागले’ म्हणून झाडाखाली निजवतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उघडी पडली ते आपण पाहिले. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत नाडी मंदावते आणि दाब उतरू शकतो, पण त्याबरोबर तोंडाला लाळ सुटते, घाम, उलटी, डोळ्यांतून पाणी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फुरफुरतात, धाप लागते. उन्हाने आजारी पडलेल्याची नाडी जलद असते आणि तोंड कोरडे पडते, हा फरक ध्यानात ठेवावा. कपडे ताबडतोब उतरवावेत, साबणाने अंग धुवावे, धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांत घालाव्यात. दूध, तूप, मिठाचे पाणी काही पाजू नये. १०८ ला फोन करावा आणि औषधाचा डबा लेबलासकट बरोबर न्यावा. त्यावर उतारा आहे, तो रुग्णालयातच मिळतो.

विंचू चावला की दाब आधी चढतो आणि नंतर कोसळू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने कोकणातले कितीतरी प्राण वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध स्वतःच दाब उतरवणारे आहे, म्हणून ते दिलेल्या रुग्णाला उठवून बसवू नये. साप चावलेल्याला तर चालवूच नये.

मोठ्या माणसाच्या छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येऊन गार घाम सुटला आणि दाब उतरला, तर ती मोटरच अडखळली आहे. तेथे मीठ-पाण्याचा उपयोग नाही. भरपूर ताप, हुडहुडी, बडबड आणि गार पडलेले हातपाय, हे जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याचे चिन्ह. या दोन्हीत वेळ हेच औषध आहे.

इंजेक्शन पाहून किंवा शाळेच्या मैदानावर उन्हात उभे राहून कोसळणारी तरुण मुले बहुधा दोन मिनिटांत ठीक होतात. त्यांना घाबरवू नये. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली की तेथेच बसावे किंवा आडवे व्हावे. तशी सोय नसेल तर पायावर पाय आढी घालून मांड्या आवळाव्यात आणि मुठी घट्ट मिटाव्यात, तेवढ्याने दाब थोडा वर येतो. काम करता करता, धावताना किंवा छातीत धडधडून कोसळले असेल तर मात्र हृदय तपासून घ्यावे.

कोणीही कोसळला तर तेथेच सावलीत आडवा करावा, पायांखाली गोणी घेऊन ते फूटभर वर उचलावेत, गळ्याजवळचे आणि कंबरेचे कपडे सैल करावेत. धाप लागली असेल तर पाय उचलू नयेत, टेकवून बसवावे. गरोदर असेल तर डाव्या कुशीवर. उलटी होत असेल तर कुशीवर. शुद्ध नसताना तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, तो श्वासनलिकेत जातो. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली तरी माणूस शुद्धीवर येतो ते आडवे पडल्यामुळे, श्रेय मात्र चपलेला मिळते. दोन मिनिटांत नीट शुद्ध आली नाही, तर वाहन बोलवावे.

‘लो’ असलेल्याने मीठ जास्त खावे का, असे पुष्कळजण विचारतात. घामाने आणि जुलाबाने मीठ गेले असेल तेव्हा त्या दिवसापुरते हो. रोजचे म्हणून नाही. लोणचे, पापड, खारवलेली मिरची यांतून आपल्या ताटात मीठ आधीच पुष्कळ असते. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा उच्च रक्तदाबाचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

दवाखान्यात जाताना घरातल्या साऱ्या गोळ्या, पुड्या आणि जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून न्याव्यात. चक्कर केव्हा येते, उठताना की जेवल्यावर की गोळी घेतल्यानंतर तासाभराने, हे मुलांच्या वहीच्या पाठीमागे आठवडाभर तारखेसह टिपून ठेवावे. पुढच्या खेपेस सोयाबीनच्या बीजप्रक्रियेविषयी लिहीन.